वाढलेल्या बांगड्या

मानवतला आमच्या बांगड्यांच्या दुकानात आरशाशेजारी एक मोठा कागद चिकटवलेला आहे. त्यावर चौकोन आहेत, चौकोनांना जोडणाऱ्या रेघा आहेत आणि रेघांच्या टोकांना बारीक आकडे आहेत. नवं गिऱ्हाईक बांगड्या भरायला हात माझ्याकडं देतं, तोंड मात्र त्या कागदाकडं असतं. "ताई, पत्रिका हाय का कुणाची?" असं एकीनं विचारलं होतं. दुसरीला ते नळयोजनेचं काहीतरी वाटलं. मी सांगते, "आमच्या दुकानाचं चित्र हाय. लेकीनं काढलंय." मग ती बाई एकदा कागद बघते, एकदा दुकान बघते आणि मला वाईट वाटू नये म्हणून म्हणते, "छान काढलंय हां."

माझी लेक पुण्याला नोकरी करते. धंद्याचे हिशेब संगणकात घालायच्या आधी त्यांचा आराखडा काढायचा, हे तिचं काम. पहिली काही वर्षं मी गल्लीत सांगत होते की ती कॉम्प्युटर दुरुस्त करते. शेजारच्या टेलरनं त्याच्या पोराचा बिघडलेला लॅपटॉप आणून माझ्या काउंटरवर ठेवला, तेव्हा कुठं मी नीट चौकशी केली.

संक्रांतीनंतर तिचा फोन आला. मी एका बाईचा हात धरून बसले होते, फोन कानाशी खांद्यानं दाबून धरलेला.

"आई, कंपनी बाहेर पाठवायलीय मला. दोन वर्षं. उन्हाळा संपला की जायचंय."

"बाहेर म्हणजे मुंबईला?"

"बाहेर म्हणजे बाहेर, आई. विमानानं."

"बरं झालं की," मी म्हणाले. आईनं जे म्हणायचं असतं ते मी वेळेवर म्हणाले, एवढं श्रेय मला द्यावं. फक्त त्या नादात दोन-आठ मापाच्या हाताला दोन-चारची बारकी बांगडी चढवायला लागले आणि ती बाई ओरडली, "अवं ताई, हात हाय का पाइप हाय!"

"कोण ओरडलं?" लेकीनं विचारलं.

"कुणी न्हाई. तू बोल."

"जायच्या आधी तुझं दुकान मांडून देते. सगळं मोबाईलवर. मग मी तिकडं असले तरी मला दिसत राहील, काय चाललंय ते. दर रविवारी दुपारी एक तास दे मला. त्या वेळी गिऱ्हाईक नसतंच."

दर रविवारी एक तास. मला दुकान मोबाईलवर नको होतं, काही नको होतं. पण त्याआधी आमचे फोन कसे होते ते सांगते. "जेवलीस का?" "हो." "काय केलं होतं?" "भाजी-पोळी. तू?" "मी पण." "बरं, ठेवू?" एवढ्यात आटपायचे. आता एक तास मिळणार होता, तोही माझ्या दुकानाबद्दल बोलायला. मी लगेच हो म्हणाले. त्याच दिवशी मनात हेही आलं की हे काम जितकं लांबेल तितकं बरं.

पहिल्या रविवारी तिनं मला पडद्यावर तीन रंगांचे चौकोन दाखवले. हिरव्यात वस्तू, पिवळ्यात घडणाऱ्या गोष्टी, निळ्यात माणसं. "आई, कुठलाही धंदा घे. काहीतरी असतं, त्याचं काहीतरी होतं आणि ते कुणीतरी करतं. आधी एवढंच लिहायचं."

आमचे हे कापसाच्या जिनिंगवर हिशेबाला आहेत. आयुष्य नावे आणि जमा ह्यात गेलेलं. ते मागून डोकावून बघायला लागले. मग म्हणाले, "ह्यात नावे कुठाय?"

"नाहीय, पप्पा."

"आन् जमा?"

"ते पण नाही. ते नंतर यातूनच निघतं. आधी काय घडलं ते लिहायचं. बाईनं बांगड्या घेतल्या, पैसे दिले. एक घडलं की त्याच्या जोडीला दुसरं घडतं. ती जोडी मांडली की नावे-जमा आपोआप काढता येतं."

"आपोआप," हे म्हणाले. त्या एका शब्दात सगळ्या जिनिंगचा अपमान झाल्यासारखं तोंड करून ते चहा ठेवायला गेले. पण तेव्हापासून रविवारी दुपारी त्यांनी झोपणं बंद केलं. मागं खुर्ची टाकून बसायचे आणि "मी ऐकत न्हाई, तुमचं चालू द्या" म्हणायचे.

घडणाऱ्या गोष्टींची नावं मी सांगायची आणि तिनं लिहायची असं ठरलं. तिथंच आमची गाडी अडायला लागली.

"सकाळी काय करतेस?"

"माल भरते."

"बरं. मग?"

"मग बायका आल्या की बांगड्या भरते."

"म्हणजे परत माल लावतेस?"

"अगं, हातात भरते! आन् सोमवारी बँकेत भरते."

"बँकेत बांगड्या?"

"पैसे गं, माय!"

एका "भरणे"चे तीन चौकोन झाले. लेक हसत हसत म्हणाली, "आई, हे आमच्या ऑफिसात सांगायला पाहिजे." मला इतका आनंद झाला की मी उरलेला रविवार आणखी कुठल्या शब्दाचे तीन अर्थ होतात का हे शोधण्यात घालवला.

मग लग्नाचा चुडा आला. तिच्या चित्रात एका विक्रीला एक गिऱ्हाईक जोडलेलं होतं. मी म्हणाले, असं कसं चालेल? लग्नाघरी मी पेटी घेऊन जाते तेव्हा नवरीचा हात, तिच्या आईचा, आत्यांचा, मावश्यांचा, शेजारणींचा. हात पन्नास आणि पैसे देणारा बाप एक. तोही मांडवात सापडत नाही. मग गिऱ्हाईक कोण, ज्याचा हात तो, का ज्याचा खिसा तो?

तिनं गिऱ्हाइकाचा तो एक चौकोन खोडला. मग दोन निळे चौकोन काढले, एक हाताचा आणि एक खिशाचा, आणि हातांच्या टोकाला "अनेक" असं लिहिलं.

"आता ह्या टोकांना दोन दोन आकडे टाकायचे," तिनं सांगितलं. "कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती. पसंतीला माल देतेस ना लग्नाघरी? तो वापस येतो का?"

"येतो कधी. कधी सगळाच ठेवून घेतात."

"मग वापसीच्या टोकाला कमीत कमी शून्य."

"शून्य कशाला लिहितीस? बरं दिसत न्हाई. येतो की बऱ्याचदा."

"येतो, पण येईलच असं नाही ना. शून्य म्हणजे येणार नाही असं नाही, आई. न येण्याची सोय ठेवायची, एवढंच."

ते शून्य मला आवडलं नाही. का ते तेव्हा मी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. मागच्या खुर्चीतून आवाज आला, "शून्याला शून्यच म्हणावं लागतं." ऐकत नसलेले गृहस्थ.

असे रविवार जात होते. "आता झालं ना सगळं?" असं तिनं विचारलं की मला काहीतरी आठवायचं. टिकल्या राहिल्या. मेंदीचे कोन राहिले. राख्या मी पावसाळ्यातच आणून ठेवते, त्या कशा लिहायच्या? उखाणा घेतला की नव्या नवरीला मी एक बांगडी वरून देते, ती विक्री का भेट? ती बिचारी प्रत्येक वेळी नवा चौकोन काढायची आणि म्हणायची, "किती बारीक आठवतं गं तुला!" फोन ठेवल्यावर हे म्हणायचे, "पुढच्या रविवारी उंदीर लिहायला लाव. ते पण बांगड्यांचे पुठ्ठे खातात." मी म्हणायचे, "तुमी चहा ठेवा." पण उंदीर मी खरंच लक्षात ठेवले होते, वेळ आलीच तर.

वेळ आली नाही. होळी झाली आणि एका रविवारी ती म्हणाली, "आई, पुरे. आता जे आहे त्यावर काम चालू करू. शेवटचं एकदा सांग, दिवसभरात होणाऱ्या सगळ्या गोष्टी, एका दमात."

मी एका दमात सांगितलं. माल भरते, बांगड्या भरते, पैसे घेते, पसंतीचा माल वापस घेते, वाढ झाली तर बाजूला काढते, संध्याकाळी दुकान वाढवते.

"वाढ राहिलीच होती की! कशी मोजायची?"

"नग मोजून."

"रोज होते?"

"एखाद-दुसरी होतेच. लग्नसराईत जास्त."

"छान," ती म्हणाली.

त्यात छान काय ते मला कळलं नाही, पण ती कामात होती म्हणून सोडून दिलं.

पंधरा दिवसांत मोबाईलवर सगळं आलं. मोठमोठी बटणं, प्रत्येकावर माझेच शब्द. तो मोठा कागदही तिनं छापून पाठवला. त्यात एका कोपऱ्यात तुटक रेघेचा रिकामा चौकोन होता, त्यात लिहिलेलं, "दुकान वाढवणे". ती म्हणाली, "तो आत्ता रिकामाच ठेवलाय." मला ते एकदम पटलं. दुकान वाढवल्यावर काय घडणार? कुलूप लावून घरीच जायचं असतं. आणि "वाढ" नावाचं बटण बघून तर मला भरून आलं. एवढ्या मोठ्या कंपनीत काम करणारी पोरगी, पण आईच्या दुकानातली ही बारीकशी गोष्टही तिनं लक्षात ठेवून तिला जागा दिली. मी ते बटण मनापासून दाबायला लागले.

इथं जे आमच्याकडचे नाहीत त्यांना सांगायला हवं. काचेची बांगडी फुटली असं आमच्या दुकानात कुणी म्हणत नाही. बांगडी वाढली म्हणतात. दुकान बंद केलं असंही म्हणायचं नाही, वाढवलं म्हणायचं. हा आमचा काही खास शोध नाही, घरोघरी म्हणतात. पण बांगडीवाल्यांकडं जरा जास्तच पाळतात. सासूबाईंच्या वेळी एका नव्या सुनेच्या तोंडून काउंटरवर "फुटली" असा शब्द गेला होता आणि सासूबाईंनी दिवसभर तिच्याशी बोलणं टाकलं होतं. ती सून मीच.

लग्नसराई जोरात होती. गर्दीत बांगड्या वाढायच्याच. भरताना माझ्या हातात वाढली तर दुकानाची, हातात नीट बसल्यावर वाढली तर नेणारीची, हा जुना नियम. मी इमानदारीनं बटण दाबत होते. मोबाईलवर शिल्लक माल दिसायचा, तो दिवसेंदिवस टुमटुमीत होत चालला होता. मी आपली कौतुकानं बघायचे.

वैशाखात लेकीचा फोन आला, तोही मधल्या वारी. आवाज घाबरा. "आई, काहीतरी चुकलंय. तुझ्याकडं जेवढा माल आलाच नाही तेवढा शिल्लक दिसायलाय."

"चांगलं हाय की."

"चांगलं नाहीय! माझ्या मांडणीतच घोळ आहे कुठंतरी. मी चार रविवार तेच बघायलेय. तिकडं जाऊन जे काम मी लोकांसाठी करणार आहे ते मला आईच्या दुकानात जमत नसेल तर..." मग म्हणाली, "मी येते. डबे उघडून प्रत्यक्ष मोजू."

फोन ठेवून मी ह्यांना सांगितलं, "मांडणी चुकली. ती यायलीय!" हे म्हणाले, "एवढं खुश होऊन सांगण्यासारखं काय हाय त्यात?" आणि पिशवी घेऊन शेपूची भाजी आणायला गेले, तिला आवडते म्हणून.

मानवत रोड स्टेशनवर ती उतरली तेव्हा उन्हानं फलाट तापला होता. वाळली होती जरा. घरी न जाता सरळ दुकानात आली, केस वर बांधले आणि डबे खाली काढायला लागली. मी म्हणाले, आधी पाणी तरी पी. ती म्हणाली, "आधी हिरव्या." आम्ही दोघी सतरंजीवर बसून मोजायला लागलो. ती लहान असताना ह्याच सतरंजीवर तिला मी रंग शिकवले होते. हे तिला सांगावं की नको अशा विचारात मी वरचा डबा ओढला आणि तो हातातून सुटला.

डझनभर दोन-सहा फरशीवर.

"अगं बाई, वाढल्या!" मी ओरडले. "लाल दोन-सहा, बारा वाढल्या! दाब, दाब, बटण दाब!"

तिनं मोबाईल उचलला, अंगठा बटणापर्यंत नेला आणि तसाच धरून बसली. फरशीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं.

"काय म्हणालीस?"

"वाढल्या. बारा."

"आई... वाढ म्हणजे ही?"

"मग दुसरी कोणती?"

"मला वाटलं, डब्यात कधी एखादी जास्तीची निघते, ती." तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "मी प्रत्येक वेळी मिळवत गेले. तुझी एक फुटली की..."

"दुकानात तो शब्द काढू नको!"

मग मात्र आम्ही जे हसलो ते शेजारचा टेलर टेप गळ्यात अडकवून बघायला आला. हसता हसताच तिनं विचारलं, "मग दुकान वाढवणे? मी तर तो चौकोन पुढं दुसरा गाळा घेशील म्हणून ठेवला होता." मी वर शटरकडं बोट दाखवलं. तिला परत हसू फुटलं. ते फुटलं तर चालतं.

हसून झाल्यावर ती काचा गोळा करायला लागली, एक एक, सुपलीत. आणि मान खाली घालूनच म्हणाली, "मला माहीत होतं ना गं हे. मी इथंच मोठी झाले. मी पण हेच म्हणायची."

"होय. चार वर्षांची होतीस तेव्हा फुगा फुटला तरी वाढला म्हणायचीस."

"मग विसरले कसं?"

मी म्हणाले, "मी पण नुसतं वाढ म्हणाले. नीट सांगायला पायजे होतं." ती सुपली जरा जास्त वेळ हलवत बसली.

अधिकच्या जागी वजा करायला तिला चहा निवायच्या आत जमलं. म्हणजे ज्यासाठी ती आली होती ते पहिल्याच दिवशी संपलं. मी म्हणाले, "तरी मोजून घेऊ सगळं. खात्री असावी." ती माझ्याकडं बघून हसली. तिला पहिल्या रविवारपासून सगळं कळत होतं की काय, असं तेव्हा प्रथमच माझ्या मनात आलं. "मोजू," ती म्हणाली. आणि आम्ही रोज मोजत बसलो, गरज नसलेले डबे, हळूहळू.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ती पेन घेऊन कागदापुढं उभी राहिली. वाढीच्या चौकोनाशेजारी कंस करून तिला अर्थ लिहायचा होता. तो शब्द दुकानात लिहू देणार नाही म्हटल्यावर तिनं फक्त "वजा" लिहिलं. ते अजून तसंच आहे, वाढ, वजा. ह्यांना ते वाचून दर वेळी त्रास होतो.

"अजून एक राहिलं," मी म्हणाले.

"उंदीर?"

म्हणजे ह्यांनी फोडलं होतं तर. "उंदीर न्हाई. तू. पसंतीला गेलेला माल. तिथं वापसीचा आकडा काय लिहितीस?"

मी थट्टेनं म्हणाले होते, पण ते थट्टेसारखं निघालं नाही. तिनं पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"मला माहीत नाही ते लिहिता येत नाही, आई."

"शून्य तरी नको लिहू."

"काहीच लिहीत नाही," ती म्हणाली. मग सतरंजीवर माझ्यापुढं बसून हात पुढं केला. "भरून दे. हिरव्या."

मी सवयीनं दोन-सहा काढल्या. त्या मनगटावरून सरळ घरंगळल्या. दोन-चार काढाव्या लागल्या. मी दोन्ही हात भरले, एकही वाढली नाही. तिनं रीतीप्रमाणे बांगड्यांना हात जोडले, मग मला वाकून नमस्कार केला. शटर तिनंच ओढलं. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर "येते" म्हणाली. आपल्याकडं जाताना तेच म्हणतात, हे मला माहीत आहे.

आता ती बाहेर असते, तिथली दुपार आणि माझी दुपार एका वेळी नसते. रविवारचा तास राहिला नाही. फोन येतो, पुन्हा जेवण आणि भाजीवर संपतो. पण मागच्या महिन्यात सकाळी दुकान उघडून मोबाईल बघितला तर एक नोंद दिसली. मी केलेली नव्हती. दुकान वाढवलेलं असताना झालेली. वाढ, हिरवी, दोन-चार, एक नग.

नियमानं ती तिची. हातात बसल्यावर वाढली की दुकानाचा संबंध संपतो. तिला नियम ठाऊक आहे, लहानपणापासून ऐकलाय. तरी तिनं ती आमच्याकडं लिहिली. ह्यांना दाखवलं तर त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हिशेबात बसत न्हाई हे." मग म्हणाले, "राहू दे."

त्यानंतर आणखी काही नोंदी आल्या. तिच्या मनगटांवर आता किती उरल्या असतील ते मी मनात धरून असते. हिरव्या दोन-चारचा नवा माल आला त्यातला एक डबा मी वरच्या फळीवर मागं सारून ठेवला आहे. परवा एका गिऱ्हाइकानं नेमका तोच मागितला. मी सांगितलं, तो माल दुसरीच्या पसंतीला काढून ठेवलाय.

"कधी येणार हाय ती?" बाईनं विचारलं.

"येईल की," मी म्हणाले, आणि तिचा हात धरून तिला लाल दाखवायला लागले.